किल्लारीखालचे दोन थर आणि अडीच अंश: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एखाद्या चालू भूकंपमापन केंद्राचे नाही. लातूर परिसरातील पदव्युत्तर भूशास्त्राच्या वर्गासाठी मी मुद्दाम रचलेल्या एका सरावाचे ते आहे: दूरच्या भूकंपांच्या लहरींवरून प्रावरणाच्या, म्हणजे कवचाखालच्या जाड खडकाळ भागाच्या, थरांतली ठेवण कोणत्या दिशेची आहे ते ओळखायचे. ते लिहून ठेवण्याचे कारण असे की, दोन हुशार विद्यार्थ्यांनी त्याच नोंदींवरून दोन वेगळी उत्तरे काढली, दोन्ही उत्तरे नीटनेटकी मांडलेली होती आणि दोन्ही चुकली होती. केंद्राची जागा मी किल्लारी धरली, भूकंपांचे प्रदेश नकाशावरचे खरे घेतले, अंतरे आणि आगमनदिशा (केंद्रावरून भूकंप ज्या दिशेला आहे तो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) गोलाच्या भूमितीने काढल्या. लहरींच्या नोंदी मात्र संगणकावर तयार केल्या, त्यांचा मुख्य आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण कंपनाला लागणारा वेळ, 10 सेकंद ठेवला आणि गोंगाट नाममात्र मिसळला. त्यामुळे जमिनीखाली काय दडवले आहे हे मला ठाऊक होते, वर्गाला नव्हते. मराठवाड्याखालचे प्रावरण खरोखर असेच आहे, असा अर्थ पुढच्या आकड्यांवरून कोणी काढू नये.

किल्लारी निवडण्यामागे भावनेचा भाग नव्हता असे म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, 6.2 महत्तेचा भूकंप झाला आणि सुमारे 10,000 माणसे गेली. आमच्या वर्गात असे एकही घर नाही की ज्यात त्या पहाटेची गोष्ट सांगितली जात नाही. पण तो भूकंप कवचाच्या अगदी वरच्या काही किलोमीटरांतला होता, आणि आमचा विषय त्याच्या कितीतरी खाली, शंभर-दोनशे किलोमीटर खोलीवर सुरू होतो. जागा निवडण्याचे शास्त्रीय कारण वेगळे होते. भूकंपानंतर तेथे 617 मीटर खोल विवर खोदले गेले आणि दख्खनच्या बसाल्टची जाडी तेथे जेमतेम 338 मीटर असल्याचे कळले. त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग धारवाडच्या प्राचीन कुळातला ग्रॅनाइटी खडक लागतो. म्हणजे काळ्या दगडाचे हे आवरण, जे आपल्याला सर्वत्र दिसते आणि ज्याच्यावर आपली घरे, विहिरी आणि कुंपणे उभी आहेत, ते या अभ्यासाच्या दृष्टीने कागदाइतके पातळ आहे. 338 मीटर ओलांडायला दुय्यम लहरीला, म्हणजे आपल्या वाटेला काटकोनात कंप पावणाऱ्या लहरीला, सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो, आणि त्या बसाल्टमध्ये पाच टक्क्यांची असमदिकता, म्हणजे दिशेनुसार वेगात पडणारा फरक, धरली तरी त्यातून येणारा विलंब अर्ध्या शतांश सेकंदाच्या आसपास राहतो. आम्ही शोधत होतो तो विलंब पूर्ण सेकंदाच्या घरातला. बसाल्टचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, असे मी वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितले. ते वाक्य मला पुढे मागे घ्यावे लागले.

पद्धत थोडक्यात अशी. किल्लारीपासून साधारण 85 ते 120 अंश दूर (अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात) झालेल्या मोठ्या भूकंपाची एक लहर प्रावरणातून दुय्यम रूपात खाली जाते, द्रवरूप बाह्य गाभ्यात शिरताना प्राथमिक लहर (वाटेच्याच रोखाने पुढेमागे कंप पावणारी) होते, कारण द्रवात दुय्यम लहर टिकत नाही, आणि गाभ्यातून बाहेर पडताना पुन्हा दुय्यम होऊन जवळजवळ उभी वर येते. तिला एसकेएस म्हणतात. गाभ्यातून सुटताना तिचे कंपन फक्त भूकंप आणि केंद्र यांना जोडणाऱ्या उभ्या प्रतलात असते. भूकंपाकडच्या बाजूची सगळी स्मृती ती गाभ्यातच गमावते. म्हणून केंद्रावरच्या नोंदीत अरीय घटकावर (भूकंपाच्या रोखातली क्षितिजसमांतर हालचाल) लहर आणि आडव्या घटकावर (त्या रोखाला काटकोनातली) शांतता अपेक्षित असते. आडव्या घटकावर काही हलले, तर ते केंद्राच्या बाजूच्या प्रावरणाने हलवले असे मानावे लागते.

प्रावरण असे का करते, याचे उत्तर ऑलिव्हीन या खनिजात आहे. ऑलिव्हीनच्या एका स्फटिकात लहरीचा वेग दिशेनुसार बराच बदलतो, आणि खडक तापून सावकाश वाहतो तेव्हा हे स्फटिक प्रवाहाच्या रोखाने आपला जलद अक्ष वळवून घेतात. अशा खडकातून जाणारी दुय्यम लहर दुभंगते: एक भाग जलद दिशेने कंप पावत पुढे निघतो, दुसरा त्याला काटकोनात कंप पावत मागे रेंगाळतो. मोजायच्या गोष्टी दोनच, जलद दिशा आणि विलंब. चार टक्के असमदिकतेचा सुमारे 115 किलोमीटर जाडीचा थर 1 सेकंद विलंब देतो. अडचण इतकीच की एसकेएस जवळजवळ उभी येत असल्याने हा थर कोणत्या खोलीवर आहे ते ती सांगत नाही. वरच्या थंड, कठीण शिलावरणात धारवाडच्या काळापासून गोठलेली ठेवण एका दिशेची आणि त्याखालच्या मऊ दुर्बलावरणात आजच्या प्लेटच्या गतीने पडलेली ठेवण दुसऱ्या दिशेची असेल, तर लहर दोनदा दुभंगते आणि केंद्रावर त्या दोन्हींचा मिळून एकच गुंता पोहोचतो.

वर्गाला पहिल्या गठ्ठ्यात चार नोंदी दिल्या. व्हानुआतूचा भूकंप 96 अंश दूर आणि टोंगाचा 113 अंश दूर, पण दोघांचीही आगमनदिशा 105 अंश, म्हणजे पूर्वेच्या किंचित दक्षिणेकडून. हे दोन प्रदेश नकाशावर वेगळे दिसतात; मराठवाड्यातून पाहिले तर ते एकामागे एक उभे आहेत. अलास्का द्वीपकल्प 93 अंशांवर, आगमनदिशा 29. दक्षिण अटलांटिकमधील साउथ सँडविच बेटे 112 अंशांवर, आगमनदिशा 215. पूर्व, ईशान्य, नैर्ऋत्य: दिशांची ही विखुरणी वर्गाला पुरेशी वाटली, आणि मी मुद्दाम काही बोललो नाही.

उदगीरहून येणाऱ्या विद्यार्थिनीने पॉल सिल्व्हर आणि विन्स्टन चॅन यांच्या 1991 च्या पद्धतीने काम केले, म्हणजे आडव्या घटकावरची ऊर्जा सर्वांत कमी करणारी दिशा-विलंबाची जोडी शोधली. अलास्काची नोंद 131 अंश आणि 0.78 सेकंद असे उत्तर देत होती, साउथ सँडविचची 149 अंश आणि 0.58 सेकंद. व्हानुआतू आणि टोंगा यांच्यात मात्र आडव्या घटकावर जवळजवळ काहीच नव्हते, आणि विलंबाचे उत्तर शोधाच्या 4 सेकंदांच्या मर्यादेला जाऊन टेकत होते. तिने त्या दोन नोंदींसमोर ‘निकाल नाही’ असे लिहिले, उरलेल्या दोघींची सरासरी घेतली, आणि वायव्य-आग्नेय असा 140 अंशांचा एक थर नकाशावर काढला. प्राणहिता-गोदावरीच्या गोंडवनी खचदरीचा रोख साधारण हाच आहे. रेघ नकाशाशी इतकी सुबक जुळली की तिच्या अहवालातला अर्थविवरणाचा भाग मोजमापाच्या भागापेक्षा लांब झाला होता. नकाशाशी जुळणे हा आमच्या विषयातला जुना मोह आहे; भारतीय द्वीपकल्पावर कोणत्याही दिशेची रेघ ओढा, तिच्याशी जुळणारा एखादा प्रस्तरभंग, दरी किंवा पट्टा सापडतोच.

तिची चूक गणिताची नव्हती. जिला ती निकाल नसलेली नोंद म्हणाली, ती खरे तर सर्वांत ठाम नोंद होती. 140 अंशांचा एकच थर असता, तर 105 वरून येणारी लहर त्या दिशेशी 35 अंशांचा कोन करते, आणि एका थरासाठी आडव्या घटकावरची हालचाल याच कोनाच्या दुपटीच्या ज्येवर (साइनवर) अवलंबून असते. 70 अंशांची ज्या 0.94 आहे. म्हणजे व्हानुआतूच्या नोंदीत आडवा घटक जवळजवळ कमाल हलायला हवा होता. तो गप्प होता. त्या एका गप्प नोंदीने 140 चा थर बाद होतो.

“अगं, शून्य नोंद म्हणजे कोरी नोंद नव्हे,” असे मी तिला म्हणालो. तिने तेवढ्यावरच पुढचा प्रश्न विचारला: “मग सर, 131 आणि 149 हे आकडे आले कुठून?”

औशाच्या विद्यार्थ्याने नेमके उलट केले. तो शून्य नोंदीपासून निघाला. लहरीची दिशा जलद दिशेला समांतर किंवा लंब असेल तरच आडवा घटक गप्प राहतो, म्हणून जलद दिशा 15 किंवा 105 च्या जवळ असली पाहिजे. मग त्याने 2000 मध्ये सेबास्तियाँ शेव्रो यांनी मांडलेली दुभंगतीव्रता वापरली: विलंब आवर्तकालापेक्षा खूप कमी असेल, तर आडवा घटक हा अरीय घटकाच्या कालिक बदलदरासारखा दिसतो, आणि तो किती पटीने दिसतो एवढेच मोजायचे. अरीय लहरीचा डोंगर जेथे माथ्याला असतो तेथे आडवा घटक शून्यातून जातो, जेथे उतार तीव्र असतो तेथे आडव्याचा माथा येतो. हे आकार कागदावर एकाखाली एक काढून त्याने फळ्याशेजारी लावले होते. त्याच्या चारही नोंदी एकाच वक्रावर बसल्या: एक थर, जलद दिशा 17 अंश, विलंब 0.7 सेकंद. शिल्लक राहिली ती किरकोळ. प्रत्येक नोंदीत आडव्या घटकावर बदलदराच्या आकाराखेरीज अरीय लहरीचीच एक फिकट नक्कल होती, सुमारे 4 टक्के उंचीची, आणि ती चारही दिशांना सारखीच होती. त्याचे स्पष्टीकरणही त्याच्याकडे तयार होते: उपकरण बसवताना त्याची उत्तर दिशा 2.4 अंशांनी चुकली. उपकरण फिरले असेल तर अरीय लहर आडव्या घटकात जशीच्या तशी गळते, आणि 2.4 अंशांची ज्या 0.04 आहे. तर्कात कुठे फट नव्हती.

मी दडवलेले प्रावरण असे होते: खाली 40 अंश दिशेचा 0.8 सेकंदांचा थर, जो ईशान्येकडे वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकणाऱ्या भारतीय प्लेटच्या गतीला धरून ठेवला होता, कारण द्वीपकल्पावरच्या मोजमापांत अशा दिशा वारंवार भेटतात; आणि वर 160 अंशांचा 0.6 सेकंदांचा थर, धारवाडच्या पट्ट्यांच्या वायव्य-उत्तर रोखाचा. उपकरण मी अचूक उत्तरेला बसवले होते. विद्यार्थ्यांची उत्तरे 140 आणि 17. दोन्हींपैकी एकाही दिशेचा थर खाली नव्हता.

गुंता कसा होतो हे सिल्व्हर आणि मार्था सॅव्हेज यांनी 1994 मध्ये सूत्रात बांधले. दोन थरांतून आलेल्या लहरीचा आडवा घटक दोन भागांचा असतो. मोठा भाग बदलदराच्या आकाराचा असून तो आगमनदिशेनुसार कमीजास्त होतो. त्यात दोन्ही थर नुसते बेरजेने येतात, आणि ती बेरीज एकाच काल्पनिक थरासारखी दिसते. औशाच्या विद्यार्थ्याला सापडलेला 17 अंशांचा थर म्हणजे ही बेरीज. लहान भाग अरीय लहरीच्याच आकाराचा असतो, तो आगमनदिशेने बदलत नाही, आणि माझ्या आकड्यांनी 10 सेकंदांच्या लहरीत तो 0.04 येतो. म्हणजे दोन थर असल्याची खूण आणि 2.4 अंशांनी फिरलेले उपकरण या दोन गोष्टी एका आवर्तकालावर अगदी सारख्याच दिसतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटते. थरांची अदलाबदल केली, म्हणजे वरचा खाली आणि खालचा वर ठेवला, तर मोठ्या भागात काहीच बदल होत नाही. बेरजेला क्रम नसतो. बदलते ते फक्त लहान भागाचे चिन्ह. कोणता थर वर आणि कोणता खाली, गोठलेली जुनी ठेवण आणि आजचा प्रवाह यांतले काय कुठे, हा सगळा निवाडा त्या 4 टक्क्यांच्या नकलेवर टांगलेला असतो. उपकरणाची उत्तर योग्य बाजूला 2.4 अंश चुकली तर दोन थर दिसेनासे होतात. 5 अंशांच्या आसपास चुकली तर ते दिसतात, पण उलटे.

येथे मला बसाल्टबद्दलचे ते वाक्य मागे घ्यावे लागले. लाव्हा थिजताना त्यात त्या काळचे चुंबकत्व अडकते, आणि दख्खनच्या थरांत ते भरपूर आहे. उघड्या माथ्यावर वीज पडून गेली असेल तर त्या जागी ते आणखी वाढलेले असते. वर्गाला घेऊन आम्ही एका शेताच्या कडेच्या काळ्या उघड्या खडकावर गेलो. होकायंत्र कमरेच्या उंचीवर धरून उत्तर पाहिली, बांधावरच्या चुनखडीच्या खुणेला रोख घेतला, आणि मग तेच यंत्र खडकावर टेकवले. काटा डोळ्यांसमोर चार-पाच अंश सरकला आणि थांबला. दोन पावले बाजूला टेकवल्यावर तो दुसरीकडे सरकला. कोणी बोलले नाही. औशाच्या विद्यार्थ्याने मात्र वहीत आकडा टिपला आणि खाली दोन रेघा मारल्या. लहरीला विलंब लावण्याच्या बाबतीत जो दगड कागदाइतका पातळ आहे, तो उपकरणाची उत्तर ठरवण्याच्या बाबतीत थेट पायाखाली आहे.

मग उत्तर दिशा कशी पडताळायची? होकायंत्राऐवजी सूर्य वापरता येतो. किल्लारीच्या रेखांशावर मध्यान्ह घड्याळात 12 वाजता न होता सरासरीने 12 वाजून 24 मिनिटांच्या सुमारास होते, आणि त्या क्षणीची उभ्या काठीची सावली खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर पडते. फक्त हे काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात काढू नये, कारण तेव्हा सूर्य तेथे डोक्यावर येतो आणि सावलीच उरत नाही. उपग्रहांवरून दोन लांब बिंदूंची रेषा आखणे किंवा घूर्णदर्शी यंत्र (जायरोस्कोप) लावणे हे अधिक पक्के. उपकरण आधीच पुरलेले असेल, तर दूरच्या भूकंपाची पहिली प्राथमिक लहर मदतीला येते: ती भूकंपाच्या रोखानेच पुढेमागे हलवते, म्हणून तिच्या क्षितिजसमांतर हालचालीचा रोख आणि भूगोलाने काढलेली आगमनदिशा यांतला फरक ही उपकरणाची चूक. एका भूकंपावर हा फरक भरवशाचा नसतो, बऱ्याच भूकंपांची सरासरी लागते. सरावातल्या नोंदींत प्राथमिक लहर 105 लाच हलत होती. औशाच्या विद्यार्थ्याने ती पाहिलीच नव्हती. एसकेएस शोधायची म्हणून त्याने नोंदीचा सुरुवातीचा भाग कापून टाकला होता. ही सवय मला अनेक अहवालांत दिसते आणि ती मोडायला हवी.

दुसरी कसोटी नोंदीतच होती. फिरलेले उपकरण सगळ्या आवर्तकालांना सारखेच फसवते, तर दोन थरांचा लहान भाग वारंवारतेच्या वर्गाने बदलतो. 20 सेकंदांच्या लहरींवर त्याने तेच मोजमाप पुन्हा केले, तेव्हा नक्कल 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आली, म्हणजे त्याच्या भाषेत ‘उपकरणाची चूक’ 2.4 अंशांवरून 0.6 अंशांवर आली. लोखंडी पायावर बसवलेले यंत्र लांब लहर आली म्हणून सरळ होत नाही. तेथे एका थराचे उत्तर संपले.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या गठ्ठ्यात होते. दोन थरांवर सिल्व्हर-चॅन पद्धत चालवली तर मिळणारी भासमान दिशा आगमनदिशेबरोबर बदलते आणि दर 90 अंशांनी तीच मालिका पुन्हा येते. म्हणून आगमनदिशांची विखुरणी 360 अंशांत न पाहता 90 ने भागून उरलेल्या बाकीत पाहावी लागते. पहिल्या गठ्ठ्यातले 105, 29 आणि 215 यांची बाकी 15, 29 आणि 35 येते. नकाशावर दूरदूर पसरलेल्या दिशा प्रत्यक्षात 20 अंशांच्या एका फटीत बसलेल्या होत्या, आणि ती फट शून्य नोंदीला लागूनच होती, जिथे भासमान दिशा सर्वांत वेगाने पळते. दुसऱ्या गठ्ठ्यात न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचा भूकंप (आगमनदिशा 133), मॅक्वारी कटकावरचा (144) आणि विषुववृत्ताजवळच्या मध्य-अटलांटिक कटकावरचा (274) होता. त्यांच्या भासमान दिशा अनुक्रमे 165, 174 आणि 9 अंश आल्या, विलंब 0.64, 0.80 आणि जवळजवळ 1.9 सेकंद. तिने सगळे बिंदू 90 अंशांच्या एका पट्टीवर टाकले तेव्हा करवतीच्या दात्यासारखा वक्र उभा राहिला, आणि तिची 140 ची सरासरी त्या दात्याच्या उतारावरचे दोन बिंदू होती एवढेच निघाले. प्रत्यक्ष केंद्रावर मॅक्वारी किंवा मध्य-अटलांटिककडून पुरेसा मोठा भूकंप यायला वर्षे लागू शकतात, आणि आठ-दहा महिन्यांच्या प्रकल्पात तो आला नाही तर टोंगा-व्हानुआतूचे वीस भूकंप मिळूनही फट तेवढीच राहते.

यानंतर दोघांनी मिळून दोन थरांचे उत्तर शोधले, आणि त्यांना तीन उत्तरे सापडली. खाली 40 अंश व 0.8 सेकंद, वर 160 अंश व 0.6 सेकंद. खाली 46 व 0.68, वर 168 व 0.68. खाली 33 व 1.07, वर 143 व 0.60. तिन्ही नोंदींना सारखीच बसत होती. त्यांना वाटले कुठे तरी चुकते आहे, चुकत नव्हते. निर्दोष नोंदींतूनही फक्त तीन स्वतंत्र आकडे मिळतात, बेरजेची दिशा, बेरजेचा विलंब आणि त्या लहान भागाची उंची, तर अज्ञाते चार आहेत. आवर्तकाल बदलल्याने यात फारशी भर पडत नाही. चौथा आकडा बाहेरून आणावा लागतो: खालच्या थराची दिशा प्लेटच्या गतीइतकी धरावी, किंवा शिलावरणाची जाडी दुसऱ्या पद्धतीने काढून वरच्या थराच्या विलंबाला मर्यादा घालावी. चार टक्क्यांच्या हिशेबाने 0.6 सेकंदांना सुमारे 69 किलोमीटर जाडी लागते, आणि तेवढी जाडी तेथे आहे की नाही हे एसकेएसला विचारता येत नाही.

अंतिम अहवालात त्यांनी वरच्या थराची एकच दिशा दिली नाही. खालचा थर 33 ते 46 अंशांत धरल्यास वरचा 143 ते 168 अंशांत येतो, असे लिहिले, आणि त्या वाक्याच्या आधी उपकरणाची उत्तर कशी तपासली, कोणत्या आवर्तकालांवर तपासली आणि तिच्यात किती अंशांची शंका उरते, याचा एक स्वतंत्र परिच्छेद घातला. 140 अंशांची रेघ असलेला जुना नकाशा विद्यार्थिनीने परिशिष्टात ठेवला आहे.